आठ महिन्यांचा ऊस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही. देवाला सगळं माहीत असतं म्हणून गप्प बसलो, असं म्हणता येईल — पण ते खोटं आहे. तिथंसुद्धा माझं तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यासमोर बोलायची छाती नाही माझी. बघा, सुरुवातच कशी भित्र्या माणसाची झाली!

मी बँकेत ऑफिसर आहे. शाहूपुरीत घर आहे, घरात रंगीत टीव्ही आहे आणि कपाटात एक निळा ब्लेझर आहे, खिशावर युनिव्हर्सिटीचं चिन्ह असलेला. पाहुणे आले की बायको तो काढून दाखवते. "आमचे हे बास्केटबॉलमध्ये युनिव्हर्सिटीला होते." मी आपला हसतो. काय करणार? तिला काय सांगणार, की अगं ठेव तो आत, तो माझा नाही?

कुणाचा, ते सांगतो. दमानं सांगतो, घाई करू नका.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, टीमचा कॅप्टन होतो. त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक पोरगं आलं — बसवराज. सगळे बसू म्हणायचे. कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव, घरात कानडी, बाहेर मराठी, बाप मल्लाप्पा ऊस लावायचा आणि हिवाळ्यात गुऱ्हाळ चालवायचा. बसू सहा फूट दोन इंच. अंगावर मांस म्हणून नव्हतं, नुसता बांबू. पण चेंडू हातात आला की — आयला, काय सांगू तुम्हाला! आमचं मैदान मुरमाचं, रिंगला जाळी नाही, कधी बोर्डाची फळी निखळलेली. त्यावर हे पोरगं असं पळायचं की शेजारच्या तालमीतले पैलवान अंगाची माती न झाडता बघायला यायचे. मी पाच वर्षं घाम गाळून जे शिकलो होतो ते त्याला चार महिन्यांत आलं. मला अण्णा म्हणायचा. माझे बूट उचलून आणायचा. चेंडूत हवा भरायची तर पंप माझ्या हातातनं काढून घ्यायचा.

मला तो आवडायचा. हे खरं आहे. आणि मला तो बघवायचा नाही — हेही खरं आहे. दोन्ही एकाच पोटात राहतात, ठाऊक आहे का तुम्हाला?

आमचे देशमाने सर, खेळाचे शिक्षक. कडक माणूस, शिट्टी तोंडात आणि शिवी ओठावर. लग्नाआधी आणि लग्नानंतर त्यांचा संसार मैदानावरच. बसूला बघून त्या माणसाचं वय दहा वर्षांनी उतरलं. पण त्याला ते डोक्यावर घेत नव्हते, उलट जरा चुकला की मैदानाला दहा फेऱ्या.

दिवाळीनंतर गोष्ट घडली. नदीकाठच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनना बास्केटबॉलचा नाद लागला होता. कारखान्याची टीम बांधायची, बाहेरच्या स्पर्धेत ढाल आणायची, पेपरात फोटो. त्यांच्या माणसानं बसूचा खेळ बघितला आणि सरळ सांगावा आला — कॉलेज सोड, कारखान्यात नोकरी घे, टाइम ऑफिसात बसून कामगारांची हजेरी मांडायची आणि संध्याकाळी खेळायचं. पुढच्या सोमवारी हजर हो, नाहीतर दुसरा घेऊ.

सरांना त्याच आठवड्यात पंच म्हणून परगावी जायचं होतं. निघताना त्यांनी मला जिमखान्याच्या खोलीत बोलावलं. बसूला नाही, मला. कॅप्टन म्हणून. त्या दिवशी ते जे बोलले ते माझ्या कानात अजून तसंच्या तसं आहे.

"हे पोरगं तीन वर्षं इथनं हलता कामा नये," ते म्हणाले. "त्याची हाडं अजून भरायची आहेत. तिकडं थोराड गड्यांत सिमेंटवर खेळवतील आणि गुडघे घालवतील. इथं तीन वर्षं खेळला तर युनिव्हर्सिटी, मग पुढचं सगळं. आणि पदरात डिग्री पडेल. कारखान्याची टीम चेअरमन आहे तोवर, डिग्री मरेपर्यंत. बाप येईल विचारायला. त्याला एवढंच सांग — आठ महिन्यांचा ऊस तोडून गाळायला नेला तर पाणीच निघतंय. उसातला माणूस आहे, त्याला कळेल. आणि म्हणावं, मी आल्याशिवाय काही करू नका."

मी हो सर म्हटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं. पाप नंतर आलं. किती नंतर? पाच मिनिटांनी.

सर वहीत काहीतरी शोधत होते, तेवढ्यात त्यांना शिपायानं हाक मारली आणि ते बाहेर गेले. वही उघडीच होती. युनिव्हर्सिटीच्या निवडीला कॉलेजातनं दोनच नावं जायची. पहिलं नाव आमच्यातल्या एका उंच गड्याचं, ते ठरल्यालंच होतं. दुसरं नाव — बसवराज. त्याच्याखाली माझं. आणि माझ्यापुढं कंसात लिहिलं होतं, "राखीव".

पाच वर्षं! माझं शेवटचं वर्ष, कॅप्टन मी, आणि राखीव! कालचं पोरगं, ज्याला अजून दोन वर्षं होती, तीन वर्षं होती, त्याला पुढच्या साली जाता आलं असतं की! असं मी स्वतःला सांगत राहिलो. सरांशी भांडायला पाहिजे होतं. तोंडावर विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. मी हुशार माणूस ना — मी गप्प बसलो.

शनिवारी सकाळी बसू आणि मल्लाप्पा आमच्या घरी आले. म्हातारा धुतलेलं धोतर, पटका बांधून, कपाळाला विभूती, हातात गुळाची ढेप. नव्या गुऱ्हाळातला पहिला गूळ होता. आईनं चहा ठेवला. म्हातारा खुर्चीवर बसेना, खालीच बसला, आणि पोराच्या वयाच्या माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "आमी अडाणी माणसं. ह्याची आई म्हणत्या शिकू दे, चुलता म्हणतोय नोकरी घे. सर काय म्हणत्यात तेवढं सांगा. सर म्हणतील तसं. त्येंच्या शब्दाभाईर आमी न्हाय."

बसू दारातच उभा होता. माझ्याकडं बघत होता. त्याला जायचं नव्हतं. एक दिवस आधी मैदानावर म्हणाला होता, "अण्णा, मला न्हाय सोडायचं कॉलेज. पण सर म्हणाले तर जाईन."

आणि मी म्हणालो —

हे सांगताना आता जीभ अडतेय. पण त्या दिवशी जीभ अडली नव्हती बरं का. सपासप चालली. मी म्हणालो, "सर म्हणालेत, पाठवून द्या. अशी संधी परत दारात येत नाही." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. बसूचा पडला. मग मी त्याला अंगणात नेलं, खांद्यावर हात टाकला आणि आणखी एक सांगितलं, ते बापालाही ऐकू दिलं नाही. म्हणालो, "सरांच्या मते तू युनिव्हर्सिटीच्या तोडीचा नाहीस रे. होशील असंही त्यांना वाटत नाही. मन कशाला मोडून घेतोस?"

कशाला बोललो हे दुसरं? पहिल्या खोट्यानं काम झालं होतं की! पण मला भीती होती — सर आले की हे पोरगं पळत त्यांच्याकडं जाईल. जाऊ नये म्हणून ते बोललो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यातही दुसऱ्याच्या नावानं कापला.

पुढचं सगळं मीच केलं. त्याचं शाळेतलं शिक्षण कानडीत, मराठी अर्ज लिहायला तो बिचकायचा. कॉलेज सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज मी लिहिला, माझ्या अक्षरात. "घरगुती अडचणीमुळे." आपल्याकडं सगळ्या अर्जांत हेच लिहितात, कुणी विचारत नाही कसली अडचण. ऑफिसातल्या क्लार्कला गोड बोलून त्याच दिवशी दाखला काढून दिला. सोमवारी बसू कारखान्यात हजर झाला.

सर बुधवारी आले. मी त्यांना सांगितलं, "सर, मी लई समजावलं. उसाचं पण सांगितलं. म्हातारा ऐकेना. म्हणाला, तुमच्या सरांचं खेळाचं खूळ आम्हाला नको, पोराचा पगार पाहिजे." सर मानी माणूस. कुणाच्या दारात जाऊन विनवणी करणाऱ्यातला नव्हता, आणि हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी वही काढली आणि दुसरं नाव खोडलं. माझ्यासमोर.

झालं. मी युनिव्हर्सिटीच्या टीमला गेलो. ब्लेझर मिळाला. अख्ख्या स्पर्धेत मी किती खेळलो, सांगू? चार मिनिटं. तीही आपण हरणार हे ठरल्यावर. पण मुलाखतीला तो ब्लेझर घालून गेलो आणि बँकेत लागलो.

आणि बसू? दोन वर्षं कारखान्याकडनं खेळला. सिमेंटच्या मैदानावर, दाढीमिशा आलेल्या गड्यांत. दुसऱ्या वर्षी डावा गुडघा फिरला. तो बरा व्हायच्या आत कारखान्याची निवडणूक झाली, पॅनेल पडलं, चेअरमन गेले. नव्या चेअरमनना कुस्तीचा नाद. कोल्हापूरच आहे हे, त्यात नवल काय! टीम मोडली. पदवी नाही म्हणून बसूला टाइम ऑफिसातनं काढलं आणि गाडीतळावर टाकलं — उसाच्या बैलगाड्यांना नंबर द्यायचे, तेही हंगामापुरतं. कायम केलंच नाही. शेवटी शिरोलीला लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत लागला. दिवसभर उभ्यानं काम, त्या गुडघ्यावर. सर म्हणाले होते त्यातला एक शब्द खोटा झाला नाही. गुडघा, चेअरमन, डिग्री — ओळीनं सगळं. मला ते आधीपासून पाठ होतं.

आता म्हणाल, पोरगं मला शिव्या घालत असेल. छे हो! तो मला मानतो. अण्णांनी माझ्यासाठी धावपळ केली, अर्ज लिहिला, दाखला काढून दिला, असं चार माणसांत सांगतो. त्याचा राग आहे तो सरांवर. एकदा एका स्पर्धेत सर पंच होते, बसू बघायला आला होता. सर त्याला बघून दोन पावलं पुढं आले. हा तोंड फिरवून निघून गेला. मी तिथंच होतो. दोघांच्या मधे, दहा हातांवर.

मागच्या वर्षी सरांना लकवा झाला. मी रोज जायचो, फळं घेऊन. लोक म्हणायचे, शिष्य असावा तर असा. एका दुपारी सर तिरक्या ओठानं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्या बसूचं काय चुकलं माझ्याकडनं? ओळख का दाखवत नाही रे तो?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. त्यांना उठता येत नव्हतं, मारता येत नव्हतं, कुणाला सांगता येईल इतकंही बोलता येत नव्हतं. याहून सोपी वेळ माणसाला मिळते का? मी म्हणालो, "खेड्यातली माणसं, सर. उपकाराची जाण नसते." त्यांनी डोळे मिटले. पंधरा दिवसांनी गेले.

दर दसऱ्याला बसू शिरोलीहून सायकल मारत सोनं द्यायला येतो. यंदाही आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, चहा घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "अण्णा, सर गेल्यालं कळलं. जायला पायजे हुतं का वो मी? पाय उचलंना. त्येंनी मला तोडीचा न्हाय म्हटलं ते अजून सलतंय बघा."

मी म्हणालो, "जाऊ दे. झालं गेलं."

तो उठला, नमस्काराला वाकला. डावा गुडघा मोडत नाही त्याचा, म्हणून एक हात भिंतीला टेकवून, पाय बाजूला काढून, हळूहळू खाली गेला. वेळ लागला त्याला. मला पाय मागं घ्यायला भरपूर वेळ होता.

मी घेतले नाहीत.