बैलबाजारातली अमेरिका

अमेरिकेची आमच्या काकांइतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस त्या काळी अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नव्हता, आणि काकांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. नांदेड-परभणीच्या पलीकडं ते जन्मात दोनदाच गेले. दोन्ही वेळा मुंबईला गेले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाला तरी विमानात बसवून परत आले. पहिल्यांदा मुलाला, दुसऱ्यांदा बायकोला.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सत्तरीच्या दशकात मी आखाडा बाळापूरच्या शाळेत नवी नवी मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा मावशीकडंच राहत होते. काका कळमनुरीला मोजणी खात्यात होते. त्यांचे वडील गावकीची कामं करायचे. त्यांना कुणाच्या बांधावर टेकायचं झालं तरी आधी विचारावं लागे. त्यांचं पोरगं साखळी आणि झेंड्या घेऊन त्याच बांधांवर उभं राहिलं आणि हा बांध तुमचा नाही, दोन हात मागं घ्या, असं भल्याभल्यांना सांगू लागलं. त्यामुळं मोजणी ही त्यांची नुसती नोकरी राहिली नव्हती. ते दिसेल ते मोजत. घरापासून एस.टी. थांब्यापर्यंतची पावलं त्यांना पाठ होती, आणि मी पहिल्या दिवशी सामान घेऊन घामाघूम होऊन आले तर त्यांनी पाणी विचारायच्या आधी किती पावलं झाली ते विचारलं. लग्नाला गेले की मांडवाची लांबी-रुंदी सांगून आणखी किती पंगती बसतील ते वधूपित्याला ऐकवत. शेजारचे एक म्हातारबा वारले तेव्हा पुरायला खणलेला खड्डा वीतभर तोकडा पडणार हे काकांनी नुसत्या नजरेनं ओळखलं, आणि रडणाऱ्या माणसांपुढं ते बोलून दाखवलं म्हणून शिव्याही खाल्ल्या. खड्डा वीतभर तोकडाच निघाला. एवढ्या जमिनी मोजणाऱ्या माणसाच्या नावावर घराखालची जागा सोडली तर गुंठाभर जमीन नव्हती, आणि याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, शिष्यवृत्ती मिळवून इंजिनियर झाला आणि अमेरिकेला गेला. तिथंच नोकरीला लागला, लग्न करायला एकदा येऊन गेला. एका पत्रात त्यानं लिहिलं की पुढच्या हिवाळ्यात तुम्ही दोघं या. आमच्या गावी तेव्हा बर्फ असतं, पण नाताळच्या सुट्टीत आपण दक्षिणेकडं ऊबदार भागात जाऊ, तिथं एक भली मोठी खेळनगरी आहे, ती तुम्हाला दाखवतो. पत्रासोबत त्या खेळनगरीचा रंगीत नकाशा होता. आता नकाशा नावाची वस्तू कुणाच्या हाती द्यायची याचं भान पोटच्या मुलाला तरी असायला हवं होतं. काकांनी तो ओसरीत भिंतीला लावला, आणि पुढचं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

नकाशात मधोमध निमुळत्या शिखरांचा राजवाडा होता. एकीकडं धुराची आगगाडी, पलीकडं भुताचा बंगला, माणसं बसवून गरगर फिरवणारे पेले, आणि एका कडेला नदी आणि नदीत होडी. काकांनी इंग्रजी नावं माझ्याकडून वाचून घेतली आणि त्यावर मराठीत चिठ्ठ्या डकवल्या. मग त्यांच्या मनानं घेतलं की दिवसभराचं एवढं चालणं मावशीला झेपणार नाही, तिला आधीपासून सवय पाहिजे. एका रविवारी सकाळी ते चुन्याच्या फक्कीची पिशवी, दोरी आणि झेंड्या घेऊन बैलबाजाराच्या मैदानावर गेले आणि दुपारपर्यंत त्यांनी ती खेळनगरी बाळापुरात आखून काढली. राजवाड्याच्या जागी दगडांचा ढीग आणि वर लाल झेंडी. भुताच्या बंगल्याच्या जागी बाभळीचं खोड. नदीची पांढरी रेघ, आणि रेघेत उलथून ठेवलेली एक मोडकी बैलगाडी, ती होडी. मैदानात गुरांचा पाण्याचा हौद नेमका राजवाडा आणि नदीच्या मध्ये यायचा. तो हलवता येईना, म्हणून तेवढा सरळ रस्ता हौदाला वळसा घालून न्यावा लागला, आणि ही चूक काकांच्या मनाला फार लागली होती.

दुसऱ्या दिवशी पार शिरड गावापासून माणसं गोळा झाली. मोजणीवाल्या साहेबांनी फक्की मारली म्हणजे सरकार जमीन घेऊन राहिलं, कुणी म्हणे कालवा येणार, कुणी म्हणे साखर कारखाना. दोघातिघांनी तर हरकतीचे अर्ज लिहून आणले होते. काकांनी ते अर्ज रीतसर वाचले आणि एकेकाला राजवाडा, आगगाडी, पेले असं सगळं फिरवून दाखवलं. जाताना एक म्हातारा शेतकरी मला हळूच म्हणाला, "बाई, साहेबाला उन्हाची तकलीफ झाली काय?"

मावशीला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घालून, सगळ्या गावाच्या देखत, फक्कीच्या रेघांवरून चालायचं. पण दर रविवारी सकाळी काका तिला नेत, सोबत मलाही नेत, आणि तीन-चार महिन्यांत मावशीचा नूर बदलला. ती पुढं आणि आम्ही मागं असं होऊ लागलं. राजवाड्यापासून आगगाडी किती पावलं, पेल्यांकडून नदीकडं कुठून वळायचं, हे तिला तोंडपाठ झालं. तिला बाकी कशाचं अप्रूप नव्हतं, होडीत मात्र बसायचं होतं. ती पोर असताना कयाधूला पूर आला, तेव्हा तिच्या वडलांनी तिला गुळाच्या काहिलीत बसवून नदीपार नेलं होतं. ती म्हणायची, तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते, आता एकदा उघडे ठेवून पाण्यातून जायचं आहे.

पासपोर्टच्या अर्जावर जन्मतारीख लागते हे कळल्यावर आणखी आठ दिवस गेले. मावशीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पुसेगावच्या एका नव्वदीच्या आत्याला जाऊन भेटणं झालं. ती म्हणाली, हिच्या जन्माला जवारी हुरड्यात होती आणि म्हैस मेली होती. एवढ्या आधारावर काकांनी एक तारीख नक्की केली. त्या वर्षी त्या तारखेला त्यांनी घरी बासुंदी करायला लावली. मावशीनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस केला, आणि बासुंदी तिलाच आटवावी लागली.

मग पावसाळा संपता संपता दादाचं पत्र आलं. वहिनीला दिवस गेले होते, डिसेंबरात बाळंतपण होतं. तिची आई येऊ शकत नव्हती. म्हणून आईचं एकटीचं तिकीट पाठवत आहे, बाबांचं पुढच्या हिवाळ्यात बघू, असं त्यात होतं. पत्र मी वाचून दाखवलं. मावशी चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं, पुन्हा एकदा स्वतः वाचलं, त्याच घड्यांवर दुमडलं आणि म्हणाले, "बराबर आहे त्याचं. बाळंतपणात माझा काय उपयोग?"

मावशी म्हणाली, आपण दोघंही पुढच्याच वर्षी जाऊ. ते तिच्यावर चिडले. त्यांना मी चिडलेलं तेव्हाच पाहिलं. ते म्हणाले, तू जाऊन ये, नीट बघून ये, मग मला इथं बसून सगळं कळंल. निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी तिला शेवटचं बैलबाजारात फिरवलं. त्या दिवशी मी मागं राहिले. ती दोघं हौदाला वळसा घालून होडीकडं जाताना लांबून दिसत होती, आणि मला दादाचा इतका राग आला की त्याला एक लांबलचक पत्र लिहावं असं वाटलं. मी ते लिहिलं नाही. त्याच्या शिक्षणाचं आम्हाला एवढं कौतुक होतं, की त्याला काही सुनावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मावशीला लिहिता बेताचंच यायचं. तिची पत्रं तीन ओळींची असत. मी खुशाल आहे. बाळ गोरं आहे. थंडी फार आहे. काका उत्तरात दर वेळी विचारत, खेळनगरीला गेलात का? जानेवारी गेला. फेब्रुवारीत राजवाड्याचं रंगीत चित्र असलेलं कार्ड आलं, मागं दादाच्या अक्षरात, आम्ही सगळे जाऊन आलो, फार मजा आली. ते कार्ड खिशात घालून काका आठवडी बाजारभर फिरले. ज्यांनी हरकतीचे अर्ज आणले होते त्यांनाही त्यांनी ते शोधून शोधून दाखवलं.

मावशी उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली. वाळली होती, हाताला भेगा पडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ओसरी माणसांनी भरली. काकांनी भिंतीवरचा नकाशा काढून तिच्यापुढं पसरला आणि परीक्षा घेतल्यासारखं एकेक विचारू लागले. आत शिरल्यावर काय लागतं, राजवाडा केवढा, पेले किती जोरात फिरतात. मावशी न अडखळता सांगत होती. कुठं काय आहे, किती पावलं आहे, सगळं बराबर. बाया माना डोलावत होत्या. काकांचा चेहरा असा फुलला होता की मी त्यांच्याकडंच बघत बसले. शेवटी त्यांनी होडीचं विचारलं.

मावशी म्हणाली, "राजवाड्यापासून निघायचं, उजव्या हातानं वळसा घालायचा, की नदी."

नकाशावर तो रस्ता सरळ होता. वळसा होता तो फक्त आमच्या बैलबाजारात, हौदामुळं. काकांचं बोट नकाशावरून राजवाड्याकडून नदीकडं निघालं होतं, ते मध्येच थांबलं. त्यांनी मावशीकडं पाहिलं. मावशीला काही कळलं नव्हतं, ती होडीचा रंग सांगत होती. काकांनी सावकाश नकाशा गुंडाळला आणि लोकांना म्हणाले, "आता पुरे. दमली ती. प्रवासातनं आलीय."

त्यानंतर त्यांनी त्या खेळनगरीबद्दल मावशीला एक अक्षर विचारलं नाही.

मला मात्र राहवलं नाही. दोन दिवसांनी आम्ही दोघी जवारी निवडत बसलो होतो, तेव्हा मी तिला सरळच विचारलं. तिनं काही आढेवेढे घेतले नाहीत. ते सगळे गेले होते, हिलाही नेलं होतं. खेळनगरीजवळच्या हॉटेलात उतरले होते. सकाळी निघताना दादा म्हणाला, आई, तू बाळाला घेऊन खोलीतच थांब, तिथं फार चालावं लागतं, तुझे पाय दुखतील. दोन दिवस ती खोलीत बाळाला घेऊन बसली. खिडकीतून झाडांच्या वर राजवाड्याचं टोक तेवढं दिसायचं.

"तू सांगितलं न्हाईस त्याला? वर्षभर चाललो आपण."

"काय सांगू? बैलबाजारात चालून राहिले होते म्हणून? सुनंच्या समोर?" मावशी सुपातली जवारी पाखडत राहिली. "त्याला हसू आलं असतं. मला त्याचं हसू नको होतं. तुझ्या काकाला यातलं काही बोलू नको, बाई. जीव लावलता त्यांनी."

काकांना सगळं कळलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आणि तिनं मला काय सांगितलं ते काकांना सांगितलं नाही. पुढं दोन वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या दोघांच्या मध्ये अशी तोंड मिटून वावरले. शहाणपण म्हणून नव्हे. एकाला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याचं खोटं उघडं पडलं असतं, आणि दोघांपाशी एवढंच उरलं होतं.

पुढच्या हिवाळ्याआधी दादानं शब्द पाळला. दोघांना या म्हणून पत्र आलं, तिकिटांचं विचारलं होतं. काकांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मोजणीची कामं फार निघाली आहेत, रजा मिळणं अवघड आहे, तुझी आईही थकली आहे. यातलं रजेचं खरं नव्हतं, कारण काका त्याआधीच्या महिन्यातच निवृत्त झाले होते. मी लेखणी थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "लिही, पोरी. त्याला कामाचं लिहिलं की समजतं." दादाला समजलं. त्यानंतर तसं पत्र पुन्हा आलं नाही. दादा वाईट मुलगा होता असं मी आजही म्हणणार नाही. आई-वडलांना काय झेपेल ते त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, इतकंच. पण हे इतकंच मला अजून गिळता येत नाही.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर दोघं ओट्यावर उन्हात बसली होती. काका मफलर गुंडाळून रस्त्याकडं बघत होते. मावशी त्यांना बर्फाचं सांगत होती. ते तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि आजवर कुणीच तिला विचारलं नव्हतं. पहाटे लेकराला दूध पाजायला उठलं की खिडकीबाहेर सगळं पांढरं झालेलं असायचं, मोटारी, झाडं, कुंपणं, सगळं एकसारखं.

काकांनी विचारलं, "पडताना आवाज येतो का?"

"न्हाई. काहीच आवाज न्हाई. उठून पाहिल्याबिगर कळतच न्हाई पडून राहिलं म्हणून."

मी कपबशा तिथंच ठेवून आत वळले, तेव्हा त्यांचा आवाज आला, इतका हळू की तो माझ्यासाठी नव्हताच.

"एकटीच उठायचीस?"

"व्हय," मावशी म्हणाली. "ते सगळे झोपलेले असायचे."