अंबाड्यावरचं हेल्मेट

कात्रजच्या सरुबाई पहाटे उताराला लागल्या की सायकल चालवत नाहीत, तरंगतात. निदान त्यांना तसं वाटतं. पायडल थांबलेलं, पदर खोचलेला, डेअरीच्या बाजूनं दुधाचा कोमट वास आणि समोर बिबवेवाडीचे दिवे धुक्यात विरघळत चाललेले. तिथं कुणाचं तरी महिन्याभराचं बाळ त्यांच्या तेलकट हातांची वाट बघत असतं. सत्तावीस वर्षं त्या बाळंतिणींना मालिश करतात, बाळांना न्हाऊ घालतात. सायकल मात्र शिकल्या पन्नाशीत.

मुलानं, विक्रमनं, हेल्मेट आणून दिलं होतं. त्या रोज घालायच्याही. फक्त अंबाड्यावर. पोरवयात डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंडा घेऊन चाललेली बाई. उंच बांधलेल्या अंबाड्यावर टेकलेलं हेल्मेट त्यांना अगदी जागच्या जागी वाटायचं. पट्टा गळ्यात माळेसारखा लोंबायचा.

त्या दिवशी वळणावर वाळू सांडली होती. चाक घसरलं. पडताना एवढा वेळ लागतो हे सरुबाईंना ठाऊक नव्हतं. आभाळ सावकाश आडवं झालं, दिवे वर गेले, कुणीतरी आपल्याला दुपट्यात गुंडाळतंय असं वाटलं. मग खाड्कन आवाज. हेल्मेट मागं सरकून कपाळ रस्त्यावर घासलं होतं: चार टाके. मनगट मुरगळलं. डोक्याची मागची बाजू पदपथाच्या कडेवर आपटली, तो घाव मात्र हेल्मेटनं घेतला.

"सायकल विकतोय मी," विक्रम म्हणाला. "रिक्षानं जात जा."

"रिक्षात मला झोप लागती. सायकलीवर मी जागेपणी सपान बघते. ते कुठं बघू?"

"आई, थट्टा नकोय!"

"थट्टा नाय, बाबा."

शेवटी एवढंच ठरलं, की सायकलच्या दुकानदाराला विचारायचं आणि तो सांगेल त्यावर विक्रम निकाल देईल.

बिबवेवाडीतल्या आपल्या दुकानात श्रीधररावांनी तडकलेलं हेल्मेट उलटं करून आतलं थर्माकोल बोटानं दाबलं.

"हे दबलंय. आता फुगायचं नाही. एका आपटण्यापुरतं असतं हे, महिन्याचा पास नाही."

"चिकटवून चालंल की."

"चालेल ना. भिंतीवर टांगा, आत कोथिंबीर लावा." मग कपाळाच्या टाक्यांकडे बघून, "घातलं कुठं होतंत?"

सरुबाईंनी अंबाड्याला हात लावला. श्रीधररावांनी डोळे मिटून घेतले.

"नवं नीट घातलं तर तिला काही होणार नाही ना?" विक्रमनं विचारलं.

"कोण म्हणालं? हात मोडेल, खांदा निखळेल. भरधाव गाडीनं उडवलं तर ह्याच्या भरवशावर राहू नका. पडल्यावर डोक्याला लागायचं ते कमी लागतं. पुष्कळ कमी. पण तेवढंच."

"तेवढंच? मग संपलं. सायकल बंद."

सरुबाई दुकानातल्या टांगलेल्या चाकांकडे बघत होत्या. आरे उन्हात मंद फिरत होते. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, "इक्रम, तान्हं बाळ उचलताना पयला हात कुठं जातो?"

"...डोक्याखाली."

"पाय लोंबतात, हात लोंबतात. म्हणून बाळ उचलायचं सोडतो का आपण?"

सरुबाईंनी केसांतले आकडे काढले. अंबाडा सुटला आणि पांढरे केस कमरेपर्यंत ओघळले. आईचे मोकळे केस विक्रमनं कधी पाहिलेच नव्हते. मनगट दुखत असल्यानं त्यांना वेणी घालता येईना. क्षणभर थांबून त्यानंच घातली, वेडीवाकडी, मानेशी खाली.

श्रीधररावांनी नवं हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं ठेवून बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला. "हलवा मान. हललं?"

"नाय."

"मग बोला आता मुलाशी."

विक्रम रस्त्याकडे बघत म्हणाला, "मनगट बरं होईस्तोवर रिक्षा."

"आणि मग?"

"मग पहिले चार दिवस मी मागनं येणार. गाडीवर."

"ये की," सरुबाई म्हणाल्या. "पण हॉर्न वाजवायचा नाय हं."