जांभळं अस्वल

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. यांच्यापाशीही नाही, आणि आता ऐकायला हे राहिलेही नाहीत.

आमच्या ओळखीत मी फार भली बाई समजली जाते. यांची पहिली बायको, सुमनताई, तापानं गेल्या. मी दुसरेपणावर आले. हे होते तोवर दर अविधवा नवमीला मी सुमनताईंच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, खणानारळानं तिची ओटी भरायची. सवतीचं इतकं कोण करतं, असं बायका म्हणायच्या. मी मान खाली घालायची. ऐकायला बरं वाटायचं—खोटं कशाला बोलू?

सुमनताईंची नंदा तेव्हा सात वर्षांची होती. मला मावशी म्हणायची. आईची जांभळी लोकरी शाल तोंडावर ओढून झोपायची—तिला आईचा वास येतो म्हणे. मी जवळ घेतलं की अंग आखडायची. सात वर्षांच्या पोरीवर जळणारी बाई पाहिलीत कधी?

मग मला मुलगा झाला. त्याच्यासाठी कापडी अस्वल शिवायचं मनात आलं. तोवर मी झबल्यापलीकडे काही शिवलं नव्हतं. रविवार पेठेत गेले. पांढरं घ्यावं की पिवळं की तपकिरी, माझं ठरेना. दुकानदार कंटाळला. "अस्वलच शिवायचंय ना, बाई? मग रंग आम्हाला काय विचारता?" मी तपकिरी घेतलं. म्हणजे कापड नव्हतं असं मला म्हणता येत नाही. चांगलं मीटरभर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी नंदा शाळेत गेली आणि मी कपाटातून—नाही, तिच्या उशीखालून—शाल काढली. जांभळं अस्वल असतं का कुठं? तरी मी त्या शालीवरच खडूनं कान आखले. कापली. उरलेल्या तुकड्यांना सुईनं भोकं पाडली आणि संध्याकाळी यांना आणि नंदाला दाखवली. म्हटलं, कसर लागली होती, बरा तेवढा भाग अस्वलात वाचवला. कसर नव्हतीच.

नंदा रडली नाही. "तेवढी तरी वाचली," म्हणाली.

त्यानंतर शाळेतून आली की ती आधी पाळण्यातलं अस्वल उचलायची आणि नाकाशी धरायची. डोळे मिटून. आठवडाभर मी ते बघितलं. मग एका सकाळी ती गेल्यावर अस्वल साबणाच्या कढत पाण्यात घातलं. एकदा नाही—दोनदा. आतला कापूस वाळायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी तिनं ते उचललं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बाळाशेजारी नीट ठेवलं.

"बाळालाच राहू दे, आई," म्हणाली.

पहिल्यांदाच आई म्हणाली मला. तेव्हा मला लाज वाटली नाही. जिंकल्यासारखं वाटलं.