क्लचमास्तरांची शिकवणी

माझ्या भाऊजींना अख्खं गाव क्लचमास्तर म्हणतं आणि त्यात गावाचा काही दोष नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून त्यांनी जेवढ्या वेळा ‘क्लच!’ म्हटलंय, तेवढ्या वेळा माझ्या ताईला हाकही मारली नसेल. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. उरलेल्या निम्म्यांना कुणी शिकवली, हे त्यांना लांबून नुसतं बघून कळतं. “हा बापाकडून शिकलाय, बघ, हॉर्नवरचा हात निघत नाही.” “ही नवऱ्याकडून. वळायच्या आधी शेजारी बघते, ओरडेल का म्हणून.”

स्वतःचं स्वतः शिकलेल्यांवर तर त्यांचा विशेष राग. असा कुणी पक्का व्हायला त्यांच्याकडे आला की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “शिकवायची फी एक. शिकलेलं विसरवायची दुप्पट.”

असा हा माणूस साठीकडे झुकल्यावर एक दिवस बेस गिटार घेऊन घरी आला आणि म्हणाला, “शिकवणी-बिकवणी काही नको. माझं मी शिकेन.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

आता हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, ते सांगते. ताई रुग्णालयात नोंदणी विभागात होती. जन्मभर लोकांची नावं, वयं आणि दुखणी लिहून ती रिटायर झाली आणि मैत्रिणींबरोबर तिने बँड काढला. ताई गाते. ड्रम वाजवते ती तिथलीच रिटायर झालेली सिस्टर; इंजेक्शन देताना जशी दया करायची नाही, तशीच ड्रमवरही करत नाही. गिटारवर चष्म्याच्या दुकानाची मालकीण. दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी लाँड्रीमागच्या हॉलमध्ये त्यांची प्रॅक्टिस. चौथी एक बेस वाजवायची, ती मुलाकडे कायमची राहायला गेली. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, गाण्याखाली खर्ज धरून ठेवणारी. घरातल्या थोरल्या जावेसारखं तिचं असतं. असली तर कुणी विचारत नाही, नसली तर काही धड चालत नाही.

भाऊजींनी मला जिन्यात गाठलं. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. कपडे उसवून मापात शिवून देणं हा माझा धंदा. आवाज खाली करून ते म्हणाले, “ही रिटायर झाली तेव्हा वाटलं होतं, आता संध्याकाळ आपली. कसलं काय! आणि आता तो दातांचा डॉक्टर येणार म्हणतात बेसवर.”

“येऊ दे की. चांगला माणूस आहे.”

“केस मागे बांधतो,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या दृष्टीने यावर बोलण्यासारखं काही उरत नव्हतं.

मला हसू आलं, पण वाईटही वाटलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेजारी बसलेल्या या माणसाला आता आपल्या बायकोच्या शेजारी बसायचं होतं, आणि ती जागा दुसराच कुणी पटकावणार की काय, या भीतीने त्याची झोप उडाली होती. ताईला सरळ सांगायचं सोडून ते गिटार घेऊन आले. ताईने मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, “घरचा माणूस म्हणून मी कुणाला घेणार नाही हं. डॉक्टर आणि तुम्ही, दोघांनी वाजवून दाखवायचं. आम्ही तिघी मत देऊ.” दोन महिन्यांनंतरचा दिवस ठरला.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. संध्याकाळचा चहा झाला की भाऊजी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, फोन उशीला टेकवून त्यावरचे व्हिडिओ लावायचे आणि स्पीकर थेट जमिनीवर ठेवायचे. त्यांची जमीन म्हणजे माझं छत. बेसचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. माझ्या टेबलावरच्या टाचण्या हळूहळू कडेला सरकायच्या आणि एकेक करून खाली उडी घ्यायच्या. वरून यायचं, ‘डुम्, डुम्, डुम्,’ मग जरा अडखळून ‘धप्प!’ ही धप्प कसली, ते मला कळत नव्हतं. ताई तेवढ्या वेळात खाली येऊन माझ्याकडे बसायची, बटणं निवडून द्यायची, काहीतरी गुणगुणायची आणि वर बघून उसासा टाकायची. आवाजाला कंटाळली असेल, असं मी धरून चालले.

शेवटी मी वर गेले. “भाऊजी, शिकवणी लावा.”

“फोनवर सगळं आहे. एक माणूस इतकं छान समजावून सांगतो की बस! चुकलं तरी हसतो.”

“त्याला तुमची चूक दिसते का?”

यावर त्यांनी तारांना दोष दिला, मग पट्ट्याला, मग स्पीकरला आणि शेवटी खोलीच्या आकाराला. नाचता येईना, अंगण वाकडं. मी हटले नाही, तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. गावात बेस शिकवणारी माणसं दोनच. एक डॉक्टरचा जिवलग मित्र, म्हणजे शत्रूच्या गोटातला. दुसरी वाद्यांच्या दुकानाच्या माळ्यावर शिकवणारी एक मुलगी, आणि ती भाऊजींची जुनी विद्यार्थिनी. एकदा भर चौकात भाऊजींनी इतक्यांदा ‘क्लच!’ म्हटलं की तिने गाडी तिथेच बंद केली, दार उघडलं आणि चालत घरी निघून गेली. पुन्हा तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. सायकल चालवते.

“तिच्यापुढे मी विद्यार्थी म्हणून बसू? ती मला सोडेल का?”

“तुम्ही तिला सोडलं होतं का?” मी म्हटलं. “आणि ऐका, शिकवणी लावणार नसाल तर यापुढे तुमच्या एकाही पँटची कंबर मी सैल करून देणार नाही. मग पोट वाढो नाही तर फाटो.”

हा घाव वर्मी बसला. दुसऱ्याच दिवशी आम्ही माळ्यावर गेलो. मी सोबत गेले, कारण अर्ध्या वाटेतून ते परत फिरणार याची मला खात्री होती. दोनदा फिरलेही.

मुलीने ओळखलं. “या सर, बसा.” त्या ‘सर’ने भाऊजी बोटभर झाले.

“कुणाकडून शिकलात आतापर्यंत?”

भाऊजी गिटारशी बोलल्यासारखे पुटपुटले, “माझं मीच.”

“असं का! मग शिकवायची फी एक, सर. विसरवायची...”

“दुप्पट,” भाऊजींनी मान खाली घालून वाक्य पुरं केलं. मी तोंडात पदर कोंबला.

तिने वाजवायला सांगितलं. भाऊजींनी सुरुवात केली. मला वाटलं, ही बोटं बघेल. ही बघत होती पायाकडे.

“सर, उजवा पाय काय करतोय?”

आम्ही दोघांनीही खाली पाहिलं. भाऊजींचा उजवा पाय जमीन दाबून धरत होता, टाच टेकवून, बोटं ताठ करून. ती माझ्या छतावरची धप्प! शिकवणाऱ्याच्या बाजूलाही गाडीत ब्रेक असतो. एक सूर सोडून दुसऱ्यावर जायची वेळ आली की भाऊजी घाबरून तोच ब्रेक मारत होते, आणि ताल तिथल्या तिथे मंदावत होता.

“सवय आहे,” ते म्हणाले.

“माहितेय मला. मी त्याच गाडीत होते ना,” मुलगी शांतपणे म्हणाली. “प्रत्येक वळणावर माझ्याआधी तुमचा ब्रेक लागायचा. गाडी मी वळवतेय की तुम्ही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.”

“मग सांगायचं नाही का गं?”

“तुम्ही ‘क्लच’ म्हणायचं थांबला असतात, तर सांगितलं असतं.”

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. इतकं ओशाळलेलं मी त्यांना ताईच्या मागणीच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. मग म्हणाले, “चुकलंच माझं.” मुलगी म्हणाली, “ते राहू द्या. खाली सतरंजीवर बसा, मांडी घालून.”

मांडी घालायला वेळ लागला, गुडघ्यांनी तक्रारी केल्या. पण पाय अडकल्यावर ब्रेक मारणार कशाने? सूर एकापुढे एक, न अडखळता निघाले. भाऊजींनी मान वर केली, तर चेहरा असा खुललेला की मला आपल्याच पोराचं कौतुक वाटावं तसं वाटलं. कंबर सैल न करण्याची धमकी मी मनातल्या मनात मागे घेतली.

पुढे ते नेमाने जाऊ लागले. घरीही तासन्‌तास दार लावून मेहनत. टाचण्या पडायच्या तशाच पडत होत्या, पण आता तालात. मुलगी खुर्चीवरही बसवून बघायची. कधी जमायचं, कधी पाय सुटायचा. “सर, परीक्षेला खालीच बसा,” तिने चार वेळा बजावलं.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरने आधी वाजवलं, उभं राहून. वाईट वाजवलं असं लिहायची मला फार इच्छा आहे, पण देवाला तोंड दाखवायचंय. सुरेख वाजवलं. नंतर भाऊजींची पाळी. हॉलमध्ये एकच खुर्ची होती. ते खुर्चीकडे बघतात, जमिनीकडे बघतात, डॉक्टरच्या बांधलेल्या केसांकडे बघतात. डॉक्टरसमोर जमिनीवर बसायचं? बसले खुर्चीवर.

एक जुनं संथ गाणं होतं. पहिलं कडवं खरंच छान गेलं, ताईने गाता गाता एकदा वळून पाहिलंदेखील. तिने पाहिलं तेच बहुधा नडलं. दुसऱ्या कडव्याच्या वळणावर पाय सुटला. धप्प! बेस जागच्या जागी थांबला आणि मागून भरधाव येणारे सिस्टरचे ड्रम येऊन त्यावर आदळले.

“इंडिकेटर तरी द्यायचा!” सिस्टर ओरडली.

मतं झाली. चष्मेवालीने भाऊजींना मत दिलं. पहिल्याच झटक्यात लायसन्स मिळवून दिल्याचे उपकार ती विसरली नव्हती. सिस्टरने डॉक्टरला दिलं. राहिली ताई. तिने भाऊजींकडे पाहिलं आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “डॉक्टर.”

आम्ही तिघं चालत घरी निघालो. गिटार भाऊजींच्या पाठीवर, स्पीकर माझ्या हातात, कारण दुसऱ्या कुणाला तो उचलायची आठवण नव्हती. मला ताईचा राग आला होता, आणि तिने केलं ते बरोबर होतं म्हणून तो जास्तच आला होता.

भाऊजीच बोलले. “बरोबर केलंस तू. मी असतो तर मीही नापासच केलं असतं.” “बँडचं काय एवढं! संध्याकाळी तुझ्याजवळ बसायला मिळेल, एवढ्यासाठीच चाललं होतं सगळं.”

ताई रस्त्यात थांबली. “अहो, मी बँडला जाते कधी?”

“सोमवारी. गुरुवारी.”

“आणि बाकीच्या संध्याकाळी कुठे असते?”

“घरीच.”

“घरी नाही. हिच्याकडे बटणं निवडत असते. घरी कुणाशी बोलू? तुम्ही कुठे असता?”

भाऊजींनी गिटारचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “आतल्या खोलीत,” ते म्हणाले. मग पुढचं आपोआप आलं, “दार लावून.”

मी स्पीकर खाली ठेवला. इतके दिवस ताई माझ्या टेबलाशी बसून वर बघत होती, आणि मी तिला कापूस देत होते, कानात घालायला!

“मग सोडतोच ती शिकवणी,” भाऊजी म्हणाले.

“शिकवणी कशाला सोडताय?” ताई म्हणाली. “दार लावायचं सोडा.”