रंगाच्या दुकानात गॅसचा वास

सरळच सांगतो, या ग्रुपवरचे बहुतेक भुताखेतांचे अनुभव वाचून मला हसू येतं. पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... जरा नवीन तरी सुचू द्या! लोणावळ्यात माझं रंगाचं दुकान आहे आणि असल्या भाकडकथांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही आज लिहितोय.

कोरोनात मला आणि बायकोला, नसीमला, वास येणं बंद झालं. ताप आठवड्यात उतरला, नाक गेलं ते गेलंच. पुढे मला मधूनच जळक्या रबराचा वास यायला लागला, काही जळत नसताना. मेव्हणा तावीज घेऊन आला. त्याला दारातूनच वाटेला लावला. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं – व्हायरसमुळे वासाच्या नसा दुखावतात, मग मेंदू प्रत्यक्षात नसलेले वास तयार करतो. विषय संपला!

गेल्या वर्षी, सकाळी साडेअकराला जवळच्या औंढे गावचे कोंडिबा आबा पत्र्याला रंग घ्यायला आले होते. डबा काढताना मला एकदम वास आला... रबराचा नाही, गॅसचा. दुकानात सिलिंडर नाही, शेजारी शिंपी.

"आबा, गॅसचा वास येतोय?"

"मला तर न्हाई येत. तुमच्या रंगाचाच आसंल."

डोकं पुन्हा बिघडलं, म्हटलं. पण वास हटेना. शेवटी स्वतःची लाज वाटत घरी फोन लावला. घर तीन किलोमीटरवर.

"गॅस बघ जरा."

"काहीतरीच काय हो? चहा ठेवतेय, लायटर हातात आहे माझ्या."

"पेटवू नकोस! आधी बघ!"

फोनवर ओट्याखालची भांडी सरकवल्याचा आवाज आला...

"अहो, फुस्स आवाज येतोय. उंदरानं नळी कुरतडलीय."

"बटणांना हात लावू नकोस. बाहेर पळ!"

घराशेजारच्या माणसानं तोंडाला फडकं बांधून रेग्युलेटर बंद केला. म्हणाला, वासानं घरात पाय ठेववत नव्हता. नसीमला मात्र काहीच जाणवलं नव्हतं.

मेव्हणा आता 'चमत्कार' म्हणून नात्यात मिरवतोय – मूर्ख! डॉक्टर म्हणाले, "योगायोग." तेही मला तितकंच पोकळ वाटलं. गॅसचा वास नंतर कधीच आला नाही.

नळी बदलली, गळती कळवणारं यंत्र बसवलं. तरी नसीम रोज शेगडी पेटवण्याआधी फोन करते, "येतोय का?"

आणि मी, एवढा शहाणा माणूस, भर गिऱ्हाइकात नाक वर करून हुंगतो. मग म्हणतो, "पेटव."