काळ्या कोटातली खुर्ची

मेलेल्या माणसांची सगळ्यात जास्त काळजी जळगावात कोणी घेतली असेल, तर ती आमच्या घरमालकांनी. धंदा मात्र त्यांचा लग्नाच्या कॅसेटी करण्याचा. परदेशातून आलेली कॅसेट आपल्याकडच्या यंत्रांना मानवत नसे, नुसत्या आडव्या रेघा पळत. मग घरमालक ती भुसावळहून मिळवलेल्या एका खास व्हीसीआरवर लावत आणि टीव्हीवर चालू असलेलं चित्र पुन्हा कॅमेऱ्यानं टिपून घेत. ही नवी कॅसेट कुठेही चाले, तिच्यात काटछाटही करता येई. त्यासाठी भर दुपारी खिडक्यांवर गोधड्या टांगायच्या, स्वतः काळं कापड पांघरून कॅमेऱ्यामागे बसायचं आणि घामानं निथळायचं. पण त्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न ठरलेला असे, "भाऊ, याम्हातलं कोनी गयेल शे का?"

गेलेलं असेल, तर त्या माणसासाठी खोलीत एक खुर्ची मांडली जाई. "आपलं रूप कोणी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत न्यायला लागलं, तर माणूस बघायला येणारच. त्याला काय उभं ठेवायचं?" हे ते इतक्या साधेपणानं सांगत, की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यायचा आणि हसूही दाबावं लागायचं. जामनेरच्या एका जुन्या लग्नाच्या कॅसेटीत अकरा जण गेलेले निघाले, तेव्हा मंडपवाल्याकडून लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या. मंडपवाल्यानं कार्यक्रम काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बसायचंच आहे नुसतं, जेवण नाही." म्हाताऱ्या माणसांना उलटं पळवू नये म्हणून कॅसेट मागे घेताना ते टीव्हीवर पंचा टाकत. खालच्या मजल्यावर आम्हाला त्या दुपारी खुर्च्या सरकल्याचे आवाज येत. घरमालक तर जागचे हलत नसत. उंदीर असतील, असं मी बायकोला सांगत असे.

त्यांच्या या रीतीची पाळी माझ्यावर येईल, असं वाटलं नव्हतं. माझा मोठा भाऊ अमेरिकेत होता. तो अचानक गेल्याचा फोन माझ्या कचेरीत आला आणि त्यानं आधीच टपालात टाकलेली कॅसेट बारा दिवसांनी घरी आली. आईचं हृदय नाजूक, म्हणून मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. कॅसेट मात्र तिच्याच हातात पडली आणि कधी बघायची म्हणून ती रोज विचारू लागली. शेवटी मी वर गेलो, घरमालकांना सगळं खरं सांगितलं आणि हात जोडले, "नाना, आईला कळता कामा नये." त्यांनी माझ्या हातातून कॅसेट घेतली. मग म्हणाले, "माझ्या तोंडून नाही कळणार."

कॅसेट झाल्यावर आम्ही सगळे खाली पाहायला बसलो, घरमालकही दाराशी टेकले. पडद्यावर भाऊ बर्फात उभा होता, काळा लांब कोट घालून. "माय, हाई मन्हं घर शे," तो हसून सांगत होता. त्या बर्फाच्या पांढऱ्या उजेडात वरची अंधारी खोली उजळली असणार, कारण टीव्हीच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं आणि कॅमेऱ्यानं तेही टिपलं होतं. भावाच्या काळ्या कोटात, बरोबर छातीवर, एक खुर्ची दिसत होती. घरमालकांनी डोळे मिटून घेतले.

आई याच घरात नऊ वर्षं राहिली होती, तिला त्यांची रीत पाठ होती. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती खुर्ची कोनासाठे मांडेल शे?"

"रिकामीच आहे, आई. राहिली असेल तिथे," मी म्हणालो.

"रिकामी नई शे," आई म्हणाली. भाऊ बर्फातून हात हलवत होता. तिनं पदर डोळ्यांना लावला, मग घरमालकांकडे वळली. "बरं जयं, नाना. त्याले उभं नई ठेवं."

मी पुन्हा पुन्हा पाहिलं, मला कधी खुर्चीशिवाय काही दिसलं नाही. आई त्यानंतर सहा वर्षं जगली आणि दर दिवाळीला ती कॅसेट लावून पाहत राहिली. तिच्यामागून घरमालकही गेले. मला त्यांची फार आठवण येते. परवा ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, कोटावर काहीतरी डाग आहे, काढून टाकू का? मी नको म्हणालो आणि त्याच्या दुकानातल्या तीन खुर्च्या ओढून नीट लावल्या. भावाची आणि आईची शेजारी शेजारी. तिसरी जरा मागे, कारण पुढे बसायची नानांना सवय नव्हती.