न सांडणारी रांगोळी

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकूंनी मोबाइलमधून रांगोळ्यांचे फोटो पाठवले. स्वतःच्या दारात वर्षभर काढलेल्या रांगोळ्या. त्यांची एक पीडीएफ करून छापून हवी होती. प्रत्येक फोटोत खालच्या कडेला काकूंच्या पायाची बोटं आली होती.

"ही काढून टाकू का?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"राहू दे गं. काढणारी नको का दिसायला?"

मला फार गंमत वाटली. सकाळी मन लावून काढायची आणि संध्याकाळपर्यंत वारा, मांजर, दूधवाला यांनी मिळून पुसायची, अशी ही कला. आता पीडीएफ कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, एक ठिपका जागचा हलणार नाही. पुसलं जाण्याची सवय झालेल्या हातांना हे टिकणं पचायला वेळ लागणारच.

छापलेले कागद काकूंनी दोन्ही हातांवर घेतले, अगदी आडवे, भरल्या ताटासारखे.

"काकू, आता रंग सांडायचे नाहीत," मुलगी हसली.

"माहितीये गं," काकूही हसल्या, आणि कागद तसेच आडवे धरून जपून पायऱ्या उतरल्या.